पल्याडची बट्टी

माझ्यासारखी भांडकुदळ पोरगी अख्ख्या माळवडीत नाही, असं माझी आई म्हणते. मला ते कधी पटलं नव्हतं. मग एका बुधवारी दुपारच्या सुट्टीनंतर माझी माझ्याशीच गाठ पडली आणि पटलं. बाई गं, काय तो ठसका! दुसऱ्याला वाक्य पुरं करू द्यायचं नाही, आपलं तेच खरं, आणि चूक कळली तरी मान्य करायच्या आधी पाय आपटून घ्यायचे. अशा मुलीशी भांडायचं तरी कसं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण मी भांडले. जाईसाठी भांडले. आणि जिंकलेसुद्धा, म्हणून तर तोंड एवढं कडू झालंय.

दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत आलो तर जुन्या संगणक खोलीला नवं जाडजूड दार बसलं होतं. त्यावर पाटी होती, 'शेजार'. काही निवडक शाळांना हे यंत्र प्रयोगासाठी दिलं होतं. त्यात आमचा नंबर कसा लागला ते देवालाच ठाऊक, कारण आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला धड कडी नाही. पण यंत्र आलं खरं. विज्ञानाच्या बागवान सरांनी आम्हा आठवीच्या पोरांना आधी प्रयोगशाळेत नेलं आणि टेबलावर दोन सारखे नादकाटे ठेवले. एकाला हातोडी मारली, तो गुंजायला लागला. मग सरांनी तो मुठीत धरून गप्प केला. तरी गुंजणं चालूच होतं. दुसरा काटा, ज्याला कुणी हातही लावला नव्हता, तो गुंजत होता.

"का?" सरांनी विचारलं आणि नेहमीसारखं स्वतःच उत्तर दिलं. "दोघांचं माप एक, म्हणून. तिसरा वेगळ्या मापाचा काटा ठेवला असता तर तो ढिम्म हलला नसता. आता ऐका. आपलं विश्व एकटं नाही. त्याला लागून दुसरं आहे. दोन्ही खूप काळ एकसारखी चालत आली आणि मग एखादी बारीकशी गोष्ट इकडं घडली, तिकडं घडली नाही. तिथून वाटा वेगळ्या झाल्या. आपल्या मेंदूत सारखी वीज खेळत असते. तिची प्रत्येकाची आपली एक लय असते, बोटाच्या ठशासारखी. या यंत्रात एक स्फटिक आहे, इतका थंड ठेवलेला की त्याच्या आत काहीच हलत नाही. तुम्ही टोपी घालून बोललात की तो तुमच्या लयीत थरथरतो. आणि पलीकडं त्याच वेळी, तसल्याच टोपीखाली, त्याच लयीचं डोकं असेल तर तिकडचा स्फटिकही थरथरतो."

"म्हणजे तिकडच्या कुणाशीही बोलता येतं?" मी विचारलं.

"नाही. फक्त स्वतःशी. तिकडच्या तुझ्याशी."

"एवढं मोठं यंत्र आणि स्वतःशीच बोलायचं?" मागून हृषी ओरडला. "आमचे आजोबा फुकटात बोलतात की!"

सगळे हसले. सरही हसले. मग म्हणाले, "मोठ्यांना हे जमत नाही. आमच्या आयुष्याला इतके फाटे फुटलेले असतात की इकडचा बागवान आणि तिकडचा बागवान एका लयीत राहिलेलेच नाहीत. मी बसून बघितलं. नुसती खरखर. तुमच्या वयाच्या पोरांची लय अजून जुळते. पण तीही कायमची नाही. तुमची दोघांची आयुष्यं जसजशी वेगळी होत जातील, तसतसा आवाज पुसट होत जाईल. आणि एक नियम आहे. कुणाच्या मरणाबद्दल बोलायचं नाही. ना इकडच्या, ना तिकडच्या. कुणी नियम मोडला तर यंत्र शाळेतून जाईल."

हे सांगताना सरांनी खिडकीबाहेर बघितलं. वर्गानं मात्र माझ्याकडं बघितलं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिथं जाई बसायची.

जाई गुरव. बालवाडीपासूनची माझी मैत्रीण. देवळामागं त्यांचं घर. खो-खोत खांबावरून ती असा सूर मारायची की पळणारीला कळायचंच नाही आपण कधी बाद झालो. शाळेच्या संघात ती पहिली आणि मी राखीव. सराव संपला की जाई बुटाची नाडी बांधायला खाली बसायची. नाडी सुटलेली नसायचीच. तिचे ओठ जांभळट पडायचे, आणि कुणाला दिसू नये म्हणून ती मान खाली घालून बसायची. मला दिसायचं. मी खेळाच्या मोहिते बाईंना जाऊन सांगितलं, "बाई, जाईला फार धाप लागते. डॉक्टरला दाखवायला सांगा ना."

"धावल्यावर धाप लागणार नाही तर काय झोपल्यावर लागणार?" बाई म्हणाल्या आणि शिट्टी फुंकत निघून गेल्या. जाई मागंच उभी होती.

"माझी जागा पाहिजे ना तुला?" ती म्हणाली. "चुगलखोर!" आणि तिनं करंगळी पुढं केली. "कट्टी. पार कट्टी."

काळजीनं सांगायला गेले होते, देवाशपथ. तिच्या जागेचा विचार मनात अजिबात आला नव्हता का? आला होता थोडा. म्हणून तर ते बोलणं एवढं झोंबलं.

आमच्या शाळेत कट्टीचा कायदा कडक आहे. जिनं घेतली तिनंच सोडायची. दुसरीनं कितीही नाक घासलं तरी बट्टी होत नाही. मी तरी फायनलच्या आदल्या दिवशी चिंचेचा गोळा घेऊन तिच्या दारात गेले. मीठ-तिखट लावलेला, तिला आवडतो तसा. दोन बोटं जुळवून पुढं केली. जाईनं गोळ्याकडं बघितलं, तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं, पण ती म्हणाली, "मी घेतलीय. मी सोडीन तेव्हा सुटेल. फायनल होऊ दे आधी."

म्हणजे ती सोडणार होती. नक्की सोडणार होती.

खरं तर दुसऱ्या दिवशी आमच्या मैदानावर फायनल व्हायचीच नव्हती. एक मंत्री येणार होते, त्यांचं हेलिकॉप्टर तिथं उतरायचं होतं. सकाळी निरोप आला की साहेबांना सर्दी झाली, दौरा रद्द. मैदान मोकळं झालं. सामना झाला. दुसऱ्या डावात जाई खांबाजवळ आडवी झाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूर मारला असं वाटलं सगळ्यांना. मलाही वाटलं. ती उठेना तेव्हा टाळ्या थांबल्या. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदयाच्या भिंती जाड झालेल्या होत्या, जन्मापासूनचं असावं, आधी कळलं असतं तर पोरगी वाचली असती.

आधी कळलं असतं तर! मी सांगितलं होतं ना? सांगितलं होतं की नाही?

जाईच्या घरी बाहेरच्या खोलीत तिचा फोटो लावलाय, खो-खोच्या गणवेशातला. मी गेले की गुरवकाकू मला फोटोसमोर बसवतात. "बोल की गं शरयू तिच्याशी. ऐकते ती," म्हणतात. मी गप्प बसून येते.

माझा पहिला बुधवार आला. टोपी जड होती आणि तिच्या आतून हुळहुळत होतं. आधी खरखर, मग एकदम कानात आवाज. माझाच, पण रेकॉर्डिंगमध्ये लागतो तसा परका.

"कोण आहे?"

"मी."

"मी तर मी आहे."

"मग मी कोण आहे? माझी आत्या?" मी म्हणाले, आणि दोघी एकाच वेळी हसलो.

सरांनी सांगितलं होतं, आधी फरक शोधा. तिच्याकडं मांजरीला तीन पिल्लं झाली होती, माझ्याकडं दोन. तिच्या बाबांनी इलेक्ट्रिक टेम्पो घेतला होता, माझ्याही. बागवान सर दोन्हीकडं तेच आणि तेवढेच टकले. मग ती म्हणाली, "आमच्याकडं एक मोठी गंमत झाली. दिवाळीच्या आधी मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं!"

"मग फायनल?" मी विचारलं.

"कसली फायनल? खांब उपटून टाकले, आखलेल्या पाट्यांची पार माती केली. आता सव्वीस जानेवारी झाल्यावर आहे म्हणे."

"जाई... जाई कुठं आहे?"

"असेल वर्गात. मला कशाला विचारतेस? कट्टी आहे आमची. तुमची सुटली?"

काय सांगणार होते मी? दाराच्या काचेतून सर दिसत होते. "नाही," मी म्हणाले. "आमचीही नाही सुटली."

त्या दिवशी मी घरी पळत गेले आणि मांजरीला कुशीत घेऊन बसून राहिले. तिकडच्या मंत्र्याला सर्दी झाली नव्हती. बस्स, एवढ्यावर तिकडची जाई जिवंत होती. आणि एवढ्यावरच माझी नव्हती. राग कुणावर काढायचा, एका माणसाच्या नाकावर?

मग दर बुधवारची मी भुकेल्यासारखी वाट बघायला लागले. जाईनं आज डब्यात काय आणलं? वेणी घातली होती की बो बांधला होता? कुणाशी बोलली? हसली का? पल्याडची शरयू आधी सांगायची, मग वैतागायला लागली.

"तुझ्याकडं नाही का जाई? तिला बघ ना. माझ्या का मागं लागलीस?"

"सांग गं."

"नाही सांगत जा. आणि तुझा आवाज बारीक का झालाय? नीट बोल."

माझा आवाज बारीक झाला नव्हता. तिचाही मला पुसट येत होता, लांबच्या लग्नातल्या स्पीकरसारखा. बाकीच्या पोरांना मात्र अजून खणखणीत ऐकू येत होतं. मी सरांना विचारलं. सर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"तुमच्या दोघींत एक मोठा फरक पडलाय," ते म्हणाले. "तुझ्या मनावर एक ओझं आहे, तिच्या मनावर नाही. त्यानं लय बदलते. कोणतं ओझं ते मी तुला सांगायला नको."

"किती दिवस ऐकू येईल अजून?"

"फार नाही, बेटा."

आता नुसतं डब्याचं विचारत बसून चालणार नव्हतं. तिकडच्या जाईचंही हृदय तसंच असणार होतं. वाटा फुटल्या त्या दिवाळीच्या तोंडावर, ती तर जन्मापासून तशी होती. सव्वीस जानेवारी झाली की ती त्याच मैदानावर, त्याच खांबाला सूर मारणार होती. आणि तिला थांबवू शकेल अशी या जगातली मी एकटी, आणि माझा निरोप पोचवू शकेल अशी त्या जगातली ती एकटी. ती म्हणजे मीच, तीही कट्टीत बसलेली.

पुढच्या बुधवारी मी सरळ सुरुवात केली. "जाईला डॉक्टरला दाखव."

"परत? वेड लागलंय का? एकदा बाईंना सांगितलं तर चुगलखोर म्हणून घेतलं. महिने झाले ती माझ्याकडं बघत नाही. परत तोंड उघडलं तर संपलंच."

"तिचे ओठ अजून जांभळे पडतात ना?"

"पडतात."

"मग?"

"मग काय? ती म्हणणार, शरयूला माझी जागा पाहिजे. आणि तुला काय एवढा पुळका? तुलाही तीच जागा हवीय वाटतं तिकडं?"

"माझ्यावर आरोप करू नकोस!"

"चोराच्या उलट्या बोंबा!"

"पाय आपटू नकोस, मला ऐकू येतंय!"

"आपटीन! माझे पाय आहेत!"

वेळ संपल्याचा दिवा लागला. मी टोपी ओढून काढली. पालथ्या घड्यावर पाणी. आणि घडा माझाच.

मला एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं बोलले असते तर ती हलली असती. पण ते वाक्य बोलायची बंदी होती. यंत्र गेलं तर बाकीच्या पोरांचं जाणार होतं, बागवान सरांना बोलणी बसणार होती. सरांनी यंत्र मिळावं म्हणून केवढी खटपट केली होती ती आम्ही बघितली होती. मी विचार करत राहिले, आणि तिकडची सव्वीस जानेवारी इकडच्यासारखीच आली आणि गेली.

फायनलच्या आधीचा शेवटचा बुधवार. आवाज इतका पुसट होता की मी श्वास रोखून ऐकत होते.

"शनिवारी फायनल आहे," ती म्हणाली. "जाई कॅप्टन झाली. मी परत राखीव."

"शरयू, ऐक. मध्ये बोलू नकोस."

"तू कोण मला..."

"जाई मेली."

खरखर. मला वाटलं आवाजच गेला.

"काय म्हणालीस?"

"आमच्याकडची जाई मेली. आमच्याकडं हेलिकॉप्टर आलं नाही. फायनल झाली. ती खांबाजवळ पडली आणि उठलीच नाही. तिचं हृदय खराब होतं. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर वाचली असती."

"खोटं बोलतेस. तुला तिला घरी बसवायचंय. थापा मारतेस!"

"शरयू..."

आणि मला पुढं बोलता येईना. इतके दिवस मी रडले नव्हते. जाईला उचलून नेलं तेव्हा नाही, तेराव्याला नाही, फोटोसमोर नाही. मी रडतच नाही. पाचवीत झाडावरून पडून हात मोडला, हाड कातडीतून वर आलं होतं, तरी रडले नव्हते; डॉक्टरलाच घाम फुटला होता. आता मात्र त्या जड टोपीखाली मी भोकाड पसरलं. नाक, डोळे, सगळं वाहायला लागलं. कानातली खरखर चालूच होती.

बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, अगदी हळू. "तू रडतीयेस?"

मी बाहीनं नाक पुसलं.

"हात मोडला तेव्हासुद्धा आपण..." ती म्हणाली. आणि मग, "म्हणजे खरंय."

दिवा लागला. मी दार उघडलं तर बागवान सर तिथंच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, बाहेरच्या मशीनवर सगळं ऐकू येतं. मी म्हणाले, "सर, मी नियम मोडला." सरांनी खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला. "आज मशीनमध्ये बिघाड होता," ते म्हणाले. "काहीच नोंद झाली नाही. जा, तोंड धुऊन ये." तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की मोठ्या माणसांतही एखादा बरा असतो.

त्या शनिवारी मी आमच्या रिकाम्या मैदानावर जाऊन खांबाला टेकून बसले. पलीकडं याच जागी काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. खांब नुसता ऊन लागून तापला होता.

बुधवारी टोपी घातली तर खरखरच खरखर. मी डोळे मिटून थांबले. सरांनी बाहेरून कसली कसली बटणं फिरवली. मग आवाज आला, सुईएवढा.

"...ऐकू येतंय का? अगं, ऐकू येतंय का?"

"येतंय! बोल!"

"मी खांबाला मिठी मारून बसले."

"काय?"

"फायनल सुरू व्हायच्या आधी. जाईला सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. मोहिते बाईंना सांगून काय झालं ते माहितीच आहे. म्हणून सरळ मैदानात गेले आणि खांबाला मिठी मारली. म्हणलं, जाईचं हृदय तपासल्याशिवाय सोडणार नाही. चौघीजणींनी ओढलं. बाईंनी कान धरला. पाहुण्या संघाची पोरं हसायला लागली. जाई तर अशी चिडली होती, म्हणाली, ही माझी दुश्मन आहे दुश्मन! मी सोडलंच नाही. शेवटी ॲम्ब्युलन्समधले डॉक्टर कंटाळून म्हणाले, आणा त्या पोरीला, दोन मिनिटांत बघतो आणि हे नाटक संपवतो. छातीला पट्ट्या चिकटवल्या..."

"मग?"

"आधी हसत होते. मग कागद बघितला आणि हसायचे थांबले. म्हणाले, ही मुलगी आज पळाली असती तर..." तीही रडायला लागली होती. "सांगलीला नेलंय तिला. छातीत एक छोटं यंत्र बसवणार आहेत. आता ती खो-खो खेळणार नाही कधी. पण आहे, शरयू. आहे!"

मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही. बाहेर बागवान सरांनी पाठ फिरवली होती.

"आणि कट्टी?" मी विचारलं.

"सुटली. सांगलीला गाडीत बसताना तिनंच हात बाहेर काढला. दोन बोटं." ती नाक ओढत हसली. "म्हणाली, माझ्यासाठी बाईंचा मार खाल्लास ना, आता बट्टी."

तेवढ्यात मला ते सुचलं. कुठून सुचलं कोण जाणे, पण सुचलं आणि मग दुसरं काही दिसेना. इतके महिने मी एका गोष्टीसाठी झुरत होते. ती मला तिथून मिळू शकत होती.

"माझं एक काम करशील? जाईला सगळं सांग. माझं सांग, आमच्या जाईचं सांग. आणि तिला म्हण, मला एकदा बट्टी दे. नुसती बोटं जुळवून माझं नाव घे म्हणावं. तू बघ आणि मला सांग. मला बाकी काही नको."

"एवढंच ना? देईल की! आता तर घरी यायचीय ती, देईलच," ती म्हणाली. आवाज पार विरला.

पुढचे दोन बुधवार काहीच आलं नाही. सर म्हणाले, "तिची आणि तुझी वाट आता फार लांब गेली. तिकडं जाई हसतेय, बोलतेय, तिच्याबरोबर ती मोठी होतेय. तू तिला वाचवलंस त्याच दिवशी उरलीसुरली लयही तुटायला लागली. तुझ्या लक्षात येतंय ना?" येत होतं. मी मूर्ख थोडीच आहे? तरी मी म्हणाले, "अजून एकदा, सर." आणि तिसऱ्या बुधवारी तो आवाज आला. शब्द तुटत तुटत.

"...शरयू? सांगितलं तिला. सगळं सांगितलं. खूप रडली. जेवलीच नाही त्या दिवशी."

"आणि बट्टी?"

खरखर.

"बट्टी दिली का तिनं?"

"नाही म्हणाली."

मला वाटलं, चुकीचं ऐकू आलं. "काय?"

"ती म्हणाली, मी कशी देऊ? मी कट्टी माझ्या शरयूशी घेतली होती, ती मी सोडली. तिच्याशी मी कधी घेतलीच नाही. जिनं घेतली तिनंच सोडायची असते." पल्याडची घाईघाईनं बोलत होती, आवाज संपायच्या आधी संपवायचं म्हणून. "मी खूप समजावलं गं. म्हणलं, नुसतं म्हण, तेवढंच तिला बरं वाटेल. तर म्हणाली, खोटी बट्टी देऊ नये, त्यानं खरीपण जाते. तुला माहितीये ना ती कशी आहे."

माहितीये ना! मला नाही तर कुणाला माहिती असणार?

"मी तुला खोटंच सांगणार होते," पल्याडची म्हणाली. "दिली म्हणून. पण तुला कळलं असतं ना?"

"कळलं असतं."

"म्हणून नाही सांगितलं. शरयू, तू..." पुढचं आलंच नाही. मी बराच वेळ टोपी घालून बसून राहिले. दिवा लागला, विझला. सरांनी स्वतः येऊन माझ्या डोक्यावरची टोपी उतरवली. त्यानंतर मी त्या खोलीत गेले नाही. गेले तरी काही ऐकू येणार नव्हतं.

मला आनंद व्हायला पाहिजे, हे मला कळतं. एक जाई जिवंत आहे. भिंतीपलीकडं दोघी चिंचेचा गोळा अर्धा अर्धा करून खात असतील आणि बोटं चाटत असतील. ती जाई मी वाचवली. पण ती तिची जाई आहे, माझी नाही, आणि हे त्या जाईनंच मला सांगितलं. राग येतो तिचा. फार राग येतो. आणि राग आला की कळतं, माझीही अगदी असंच बोलली असती. शब्दाला शब्द हेच.

काल गुरवकाकूंकडं गेले होते. काकूंना यातलं काही ठाऊक नाही. काय सांगू त्यांना, तुमची लेक पलीकडं हसतेय, पण तिची आई दुसरी आहे? त्यांनी मला शिरा दिला, फोटोचा हार नीट केला आणि नेहमीसारखं मला फोटोसमोर बसवलं. "बोल की गं तिच्याशी. एवढी बडबडी तू, आणि इथं आलीस की दातखीळ बसते. ऐकते ती," काकू म्हणाल्या.

"नाही काकू," मी म्हणाले. "आमची कट्टी आहे."

काकू बघतच राहिल्या. "अगं, आता कसली कट्टी? सोडून दे की."

"मला नाही सोडता येत," मी म्हणाले. "तिनं घेतलीय."

शिरा गार झाला होता. मी तो सगळा संपवला, ताटली धुऊन ठेवली आणि फोटोकडं न बघता घरी आले.